रोजचा नेम, जगण्याचा नेम

तपासणीची फाइल जाडजूड असते. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, क्रिएटिनिन, ईसीजी, रक्तदाबाच्या नोंदी, सगळे जागच्या जागी. तरीही समोर बसलेल्या माणसाची तक्रार त्यातल्या एकाही आकड्यात बसत नाही. ‘‘डॉक्टर, दिवस जात नाही,’’ एवढेच त्याचे म्हणणे असते. सोबत आलेला मुलगा किंवा सून पुरवणी जोडते : पहाटे लवकर जाग येते, जेवणात लक्ष नसते, दिवसभर टीव्ही चालू असतो, गोळ्या घ्यायच्या राहून जातात. मग ‘‘एखादे टॉनिक द्या’’ अशी विनंती होते आणि चिठ्ठीवर आणखी एका जीवनसत्त्वाच्या गोळीची भर पडते. ‘सकाळी उठता कशासाठी?’ हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

ही तक्रार फक्त निवृत्तांची नसते. शेवटचे मूल नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यावर रिकाम्या घरात उरलेली आई, दोन-तीन वर्षे अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचे सगळे करून त्याच्यामागे एकटी राहिलेली बाई, पक्षाघातानंतर दुकान मुलाच्या हाती सोपवावे लागलेला दुकानदार, स्पर्धा परीक्षेचे सगळे प्रयत्न संपलेला तिशीतला तरुण, या सगळ्यांचे दुखणे एकाच जागी येऊन मिळते. ज्या कामामुळे कालपर्यंत आपण कोणाला तरी लागत होतो, ते काम संपले. आज आपण कोणालाच लागत नाही.

राज्य सरकारी कर्मचारी साधारणपणे ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षांचे आयुष्य असते. म्हणजे नोकरीतल्या उमेदीच्या काळाच्या निम्म्याहून जास्त वर्षे हातात शिल्लक असतात. एवढा काळ नुसता ‘घालवायचा’ म्हटला, तर तो शरीरालाही महाग पडतो.

आकडे काय सांगतात?

जपानच्या मियागी प्रांतातील ओसाकी भागात ४० ते ७९ वर्षे वयाच्या ४३ हजारांहून अधिक लोकांना १९९४ मध्ये एक साधा प्रश्न विचारण्यात आला : तुमच्या आयुष्यात ‘इकिगाई’ आहे का? इकिगाई म्हणजे ज्यामुळे जगण्याचे मोल वाटते असे काहीतरी. त्यानंतर सात वर्षे या लोकांच्या प्रकृतीची माहिती ठेवण्यात आली. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ‘आहे’ म्हणणाऱ्यांच्या सुमारे दीडपट होता. वय, धूम्रपान, मद्यपान, आधीचे आजार हे सगळे हिशेबात धरूनही हा फरक उरला. तो प्रामुख्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांत आणि अपघात, आत्महत्या यांसारख्या बाह्य कारणांत दिसला. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत तो तसा दिसला नाही.

अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे सात हजार लोकांचा असाच एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगण्याला उद्देश असल्याची भावना ज्यांच्यात सर्वांत कमी होती, त्यांच्यातला मृत्यूचा धोका ती सर्वांत जास्त असणाऱ्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक होता. शिकागोतील संशोधकांनी तर २४६ वृद्धांच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली. हयातीत त्यांच्या बौद्धिक चाचण्या झालेल्या होत्या आणि जगण्याच्या उद्देशाविषयीची त्यांची उत्तरेही नोंदलेली होती. अल्झायमरसारख्या आजाराच्या खुणा मेंदूत सारख्याच असूनही, उद्देशाची भावना प्रबळ असलेल्यांची विचारशक्ती तुलनेने चांगली टिकली होती, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले.

या आकड्यांकडे सावधपणे पाहायला हवे. आजारी माणसाची उमेद आजारामुळेच खचते. म्हणजे उद्देश नाही म्हणून आजार आला, की आजार आला म्हणून उद्देश हरवला, हे अशा अभ्यासांतून पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. संशोधक आधीचे आजार हिशेबात घेतात, तरी थोडी शंका उरतेच. पण एक दुवा सहज समजण्यासारखा आहे. २०१४ च्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की, ज्यांना जगण्याचा उद्देश जाणवतो ती माणसे कोलेस्टेरॉलची, स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगाची तपासणी अधिक प्रमाणात करून घेतात आणि रुग्णालयात कमी रात्री काढतात. ज्याला उद्या कुठेतरी पोहोचायचे आहे, तो आजची गोळी चुकवत नाही.

बेटावरचा धडा

इकिगाई या शब्दाला वैद्यकीय विचारात जागा मिळाली ती मीएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ महिलेमुळे. ओकायामा प्रांतातल्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्या १९५७ पासून काम करत होत्या. तिथल्या रुग्णांना अन्न, निवारा, औषध मिळत होते. समाजाने मात्र त्यांना बाहेर काढले होते. अनेकांचे दिवस रिकामे आणि निरर्थक जात होते. त्याच आवारात, तशाच परिस्थितीत काही जण मात्र भरभरून जगत होते. हा फरक कशामुळे, या प्रश्नाचा पाठपुरावा करून त्यांनी १९६६ मध्ये इकिगाईवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले ते याच जाणिवेवर. कुष्ठरुग्णाला भीक नको, काम हवे, ही बाबा आमटे यांची भूमिका होती. बोटे झडलेल्या हातांनी तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, कापड विणले. औषधाने जंतू मारले. पण ‘आपणही कोणाला तरी लागतो’ ही जाणीव कामाने परत मिळाली.

हल्ली इकिगाई म्हटले की चार वर्तुळांची एक आकृती दाखवली जाते : जे आवडते, जे जमते, जगाला ज्याची गरज आहे आणि ज्याचे पैसे मिळतात, त्यांच्या मधोमध म्हणे आपला उद्देश सापडतो. ही आकृती जपानी परंपरेतली नाही. पाश्चात्त्य देशांत अलीकडे ती या शब्दाला जोडली गेली. तिच्यामुळे एक गैरसमज पसरतो की, उद्देश म्हणजे एखादे भव्य आणि कमाई देणारे कार्य आणि ते कागदावर विचार करून शोधायचे असते. जपानी माणसाच्या बोलण्यात नातवाला शाळेतून आणणे किंवा परसातली भाजी, हेही इकिगाई असू शकते.

आधी कृती, मग मन

‘मूड झाला की करीन’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. उपचारशास्त्राचा अनुभव नेमका उलटा आहे. त्याचा चांगला पुरावा गोव्यातला आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. मानसोपचाराचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी रुग्णांना सहा ते आठ वेळा भेटून मदत केली. या भेटींत मन खोदत बसण्यापेक्षा दिवसाची आखणी करण्यावर भर होता. दिवसभर काय केले याची नोंद ठेवायची, कशाने बरे वाटले ते पाहायचे, तशा छोट्या कामांची वेळ ठरवायची आणि सुटलेल्या गाठीभेटी पुन्हा सुरू करायच्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांना थोडी जोड दिलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

ही चाचणी नैराश्याची होती, जगण्याच्या उद्देशाची नव्हे. पण तिने दाखवलेली वाट दोन्हीकडे उपयोगी पडते. उमेद येण्याची वाट पाहत बसलेल्या माणसाला ती येत नाही. तो उठून काहीतरी करू लागला की मागोमाग येते. मराठीत ‘नेम’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोज न चुकता करायची गोष्ट म्हणजे नेम आणि बाण सोडण्याआधी साधतो तोही नेमच. रोजचा नेम धरला की जगण्याचा नेम हळूहळू दिसू लागतो, असे म्हणायला भाषेचाही आधार आहे. त्यासाठी पुढच्या काही सवयी कोणालाही लावून घेता येतात.

सात दिवसांची वही

पहिले काम नोंदीचे. साधी वही घ्यावी आणि सात दिवस रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहावे : आज काय काय केले आणि त्यातल्या कोणत्या वेळी अंगात हुशारी वाटली. हुशारी वाटली तिथे अधिकाची खूण करावी, गळून गेल्यासारखे वाटले तिथे उण्याची. आठवड्याने ही पाने वाचली की बहुतेकांना आश्चर्य वाटते. ‘मला वाचनाची आवड आहे’ म्हणणाऱ्याच्या वहीत वाचनापुढे खूणच नसते. शेजाऱ्याच्या मुलाला गणित समजावले तिथे मात्र ठळक अधिक असते. आवडीबद्दल आपण जे समजत असतो आणि प्रत्यक्षात ज्याने जीव रमतो, त्यात बरेच अंतर असते. ते अंतर वही दाखवते.

कोणीतरी वाट पाहील असे एक काम

दुसरी सवय सर्वांत महत्त्वाची. आठवड्यातून निदान दोनदा असे एक काम करावे, जे आपण केले नाही तर कोणाचे तरी अडेल. एकट्याने फिरायला जाणे प्रकृतीला चांगलेच. पण गेलो नाही तर कोणाला कळत नाही. तेच फिरणे डोळ्यांना कमी दिसणाऱ्या शेजाऱ्याला सोबत घेऊन केले की त्याला अर्थ येतो. ‘‘काका, काल आला नाहीत? बरे आहात ना?’’ हा प्रश्न ऐकणे हेच एक औषध आहे.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात १९७६ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले गेले की, आपल्या दिवसाचे निर्णय तुम्हीच घ्यायचे; सोबत प्रत्येकाला एक रोप दिले आणि त्याची निगा त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोप मिळाले, पण ‘काळजी करू नका, सगळे परिचारिका पाहतील’ असे सांगण्यात आले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे वृद्ध अधिक तरतरीत आणि उत्साही दिसले. मोजक्याच लोकांचा हा प्रयोग असल्याने त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण कुंडीला पाणी घालण्याची जबाबदारी आणि नुसती कुंडी यांत फरक असतो, एवढे त्याने दाखवले.

पुढे बाल्टिमोर शहरात साठी ओलांडलेल्या स्वयंसेवकांना सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना वाचायला शिकवण्यासाठी आठवड्याला किमान १५ तास पाठवण्यात आले. त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूच्या प्रतिमा दोन वर्षे काढून पाहिल्या, तेव्हा स्मरणशक्तीशी संबंधित भागाची वयानुसार होणारी झीज, विशेषतः पुरुषांमध्ये, थांबलेली दिसली. शाळेत जायचे म्हणजे चालणे आले, बोलणे आले, नावे लक्षात ठेवणे आले आणि पोरांच्या प्रश्नांना उत्तरे देणे आले. हा सगळा मेंदूचा व्यायामच.

अशी कामे आपल्याकडे हाकेच्या अंतरावर आहेत. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत तिसरीतल्या चार मुलांकडून आठवड्यातून दोन दिवस पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून घेणे. बँकेत किंवा टपाल कार्यालयात फॉर्म भरता न येणाऱ्यांना मदत करणे. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून औषधाच्या खिडकीपर्यंत एखाद्या एकट्या रुग्णासोबत थांबणे. सार्वजनिक वाचनालयात फाटलेल्या पुस्तकांना चिकटपट्टी लावून देणे. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांनी नातेवाइकांपैकी एखाद्या एकट्या माणसाला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन करावा. समोरचा माणूस त्या फोनची वाट पाहू लागला की काम साधले.

काम कुठे पोहोचते ते पाहणे

तिसरी सवय नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी. उद्देश नेहमी कामाबाहेरच शोधावा लागतो असे नाही. अमेरिकेतल्या एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांची त्या देणगीतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटे भेट घालून देण्यात आली. महिन्याभरानंतर हे कर्मचारी फोनवर पूर्वीच्या दुपटीहून जास्त वेळ देत होते आणि जमा होणारी रक्कम अडीच पटीहून अधिक झाली होती. पगार तोच, काम तेच. बदलले एवढेच की, ते कोणासाठी आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

रुग्णालयांतल्या सफाई कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासातही हेच आढळले. काही जण ‘मी फरशी पुसतो’ असे सांगत; काही जण आपले काम रुग्णाच्या बरे होण्याचा भाग मानत, रुग्णाशी दोन शब्द बोलत, कोणाला काय हवे-नको पाहत. दुसऱ्या गटाला काम अधिक आवडत होते. पाणीपट्टीच्या खिडकीवरचा कारकून, एसटीचा चालक, औषधाच्या दुकानातला मुलगा यांच्यापैकी प्रत्येकाला आठवड्यातून एकदा स्वतःला विचारता येईल : माझ्या या कामामुळे आज कोणाचे अडलेले सुटले? उत्तरात एखादा चेहरा आठवला पाहिजे, आकडा नव्हे.

हातातले पुढे देणे

आयुष्यभर कमावलेले कौशल्य निवृत्तीच्या नारळासोबत घरी येते आणि कपाटात पडून राहते. तीस वर्षे लेथवर काम केलेल्या फिटरला, गोधडी शिवणाऱ्या आजींना, सातबारा बारकाईने वाचता येणाऱ्या निवृत्त तलाठ्याला आपल्याजवळ काही आहे असेच वाटत नाही. मानसतज्ज्ञ एरिक एरिक्सन यांनी मध्यम वयातल्या मनाची मुख्य गरज सांगितली ती हीच : पुढच्या पिढीसाठी काही घडवणे, काही मागे ठेवणे. महिन्यातून एकदा एका तरुण माणसाला आपल्याजवळची एक गोष्ट हाताला धरून शिकवावी. भाषण करू नये. हत्यार त्याच्या हातात द्यावे.

वेळ आणि जागा ठरवणे

वरची कामे ‘जमेल तेव्हा’ करायची ठरवली की जमत नाहीत. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळचा चहा झाला की अकरा वाजता शाळेत’ असे वेळेसकट, जागेसकट ठरवावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तशी खूण करावी. नवी सवय अंगवळणी पडायला २१ दिवस लागतात असे सर्रास सांगितले जाते. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात त्यासाठी मध्यम हिशेबाने ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला आठ महिन्यांहून अधिक लागतील असे दिसले. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासातून कळले. म्हणून दोन आठवड्यांत ‘मला नाही जमत’ म्हणून सोडून देऊ नये. एक काम रुचले नाही, तर दोन महिन्यांनी दुसरे धरावे. शोध असाच चालतो.

दुसऱ्यांसाठीच जगणाऱ्या बायका

इथे एक धोका ओळखायला हवा. ‘कोणाला तरी लागणे’ म्हणजे अखंड राबणे नव्हे. घरातल्या अनेक स्त्रिया पहाटेपासून रात्रीपर्यंत सगळ्यांना लागत असतात, तरी त्यांच्या वहीत अधिकाची खूण क्वचितच सापडते. कारण त्या कामात त्यांची निवड नसते आणि ते केले याची दखलही कोणी घेत नाही. पन्नाशीतल्या गृहिणीला ‘आणखी एखादे समाजकार्य करा’ असा सल्ला देणे म्हणजे ओझ्यावर ओझे. तिच्यासाठी पहिली सवय वेगळी असते : आठवड्यातले दोन तास, ज्यात ती कोणाचीच आई, सून, बायको नाही. भजनी मंडळ असो, बचत गट असो की अर्धवट राहिलेले शिक्षण, निवड तिची हवी. आणि त्या दोन तासांचा चहा घरातल्या दुसऱ्या कोणी तरी करायला हवा.

तसेच, घरात दोन वेळच्या जेवणाची विवंचना असेल, तर ‘आयुष्याचा उद्देश शोधा’ म्हणणे ही क्रूर थट्टा ठरते. तिथे आधी काम, रेशन आणि औषध मिळवून देणे, हेच उत्तर.

आजार आहे का, ते आधी पाहा

प्रत्येक उदासी उद्देशाच्या अभावातून येत नाही. सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ दिवसातला बहुतेक वेळ मन खिन्न राहणे, पूर्वी आवडणाऱ्या कशातही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, सतत थकवा, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, मरणाचे विचार येणे ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे आहेत. अशा माणसाला ‘काहीतरी करत जा म्हणजे बरे वाटेल’ असे सुनावू नये. मोडलेल्या पायाने चालायला सांगण्यासारखेच ते आहे. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे दुष्परिणाम यांतूनही असेच चित्र दिसते आणि साध्या तपासण्यांतून ते कळू शकते. वृद्धांमध्ये विसरभोळेपणाची सुरुवातही कधी कधी निरुत्साहाच्या रूपात होते. नैराश्यावर समुपदेशन आणि औषधे दोन्ही परिणामकारक आहेत. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही उपलब्ध आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि लगेच रुग्णालय गाठावे.

घरच्यांचा वाटा

उद्देश हरवण्यात घरच्यांच्या प्रेमाचाही हात असतो. ‘‘बाबा, तुम्ही बसा, आम्ही करतो,’’ हे वाक्य मायेपोटीच येते. मग भाजी ऑनलाइन येते, वीजबिल मोबाइलवरून भरले जाते, नातवाला रिक्षावाले काका सोडतात, देवाची फुलेसुद्धा पुडीतून येतात. एकेक काम काढून घेतले जाते आणि शेवटी बाबांना बसण्याखेरीज काही उरत नाही. आईच्या हातून पोळी जरा जाड झाली म्हणून स्वयंपाकघर तिच्याकडून काढून घेतले, तर आराम मिळतो. पण त्या घरातली तिची जागा जाते.

ज्याला जे झेपते, ते काम त्याच्याकडेच राहू द्यावे. वेळ लागला तरी चालेल, भाजीवाल्याने दहा रुपये जास्त घेतले तरी चालेल. आणि ते काम खरे असावे. मन रमवण्यासाठी दिलेले खोटे काम माणसाला लगेच ओळखू येते. दुधाची पिशवी आणायची जबाबदारी आजोबांची असेल, तर ते विसरले त्या दिवशी घरात सर्वांनी बिनदुधाचा चहा प्यावा. आपल्यावाचून अडते, हे त्यांना कळायला हवे.

फाइलमध्ये साखर आणि रक्तदाब लिहितात तिथेच पुढच्या भेटीला आणखी एक ओळ लिहून न्यावी : या आठवड्यात माझी वाट कोणी पाहिली? ती ओळ रिकामी असेल, तर कॅलेंडरवर येत्या मंगळवारपुढे एका माणसाचे नाव आणि एक वेळ लिहून ठेवावी. सुरुवातीला एवढे पुरते.